कॅनिंग मार्गावरील पाणी कोणाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीने केलेल्या लांबच्या प्रवासांवरील लेख आपल्या पर्यटन पुरवणीत अलीकडे सातत्याने येत आहेत आणि ते मी आवडीने वाचतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग स्टॉक रूटचा उल्लेख मात्र दर वेळी ‘जगातील अत्यंत खडतर मार्गांपैकी एक’ एवढ्यावरच थांबतो. काही वर्षांपूर्वी हा मार्ग मी सोबत्यांसह पार केला. आज त्या प्रवासाकडे मागे वळून पाहताना गाडी आणि वाळू यांपेक्षा तेथील विहिरी अधिक आठवतात, आणि त्या विहिरींची हकिकत मराठी वाचकांपर्यंत पोहोचावी, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मार्ग खडतर आहे, यात शंका नाही. दक्षिणेकडील विलुना या गावापासून उत्तरेकडील हॉल्स क्रीक या गावापर्यंतच्या सुमारे 1850 किलोमीटर अंतरातील बहुतेक वाट कच्ची आहे, वाटेत शेकडो वाळूच्या टेकड्या आहेत, आणि मधल्या टप्प्यात इंधन मिळण्याचे ठिकाण म्हणजे 33 क्रमांकाच्या विहिरीजवळची कुनावरितजी ही छोटी वस्ती. टायरमधील हवा 18 पौंडांच्या आसपास आणली की टायर पसरतो, वाळूवर तरतो आणि गाडी टेकडी चढते. हवा पूर्ण ठेवून नुसता वेग वाढवला तर चाके खड्डा खणून त्यातच रुततात. टेकडीच्या माथ्यावर पलीकडून येणारी गाडी दिसत नाही, म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा लावलेला असतो. स्पिनिफेक्स नावाच्या काटेरी गवताचे बी रेडिएटरच्या जाळीत साचून इंजिन तापते, आणि हेच गवत गाडीखाली सायलेन्सरजवळ अडकून राहिले तर पेट घेते. त्यामुळे रोज कितीदा तरी गाडीखाली वाकून पाहावे लागते. ही सारी माहिती उपयुक्त आहे आणि ती छापली जाते, हे योग्यच आहे.

परंतु हा मार्ग मुळात प्रवासासाठी झालाच नव्हता. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील पूर्व किम्बर्ली भागातील गुरांना गोचिडांचा प्रादुर्भाव झाल्यामुळे ती समुद्रमार्गे दक्षिणेकडील बाजारात नेण्यास बंदी होती. कोरड्या वाळवंटातून हाकत नेल्यास गोचीड वाटेतच गळून मरेल, या विचाराने 1905 साली जमिनीवरील मार्गाचा प्रस्ताव पुढे आला आणि 1906 मध्ये अल्फ्रेड कॅनिंग हे सर्वेक्षक उंटांचा तांडा घेऊन विलुनाहून निघाले. गुरांना ठरावीक अंतरावर पाणी लागणार होते. ते कोठे आहे, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांनाच ठाऊक होते. म्हणून कॅनिंग यांच्या माणसांनी त्यांना पकडून, गळ्यात साखळदंड घालून, पाण्यापर्यंत वाट दाखवायला लावली. मोहिमेतील स्वयंपाक्यानेच याविरुद्ध तक्रार केली आणि 1908 मध्ये शाही आयोगापुढे चौकशी झाली. साखळ्या वापरल्याचे कॅनिंग यांनी नाकारले नाही, तरीही आयोगाने त्यांना दोषमुक्त केले आणि त्याच वर्षी विहिरी बांधण्यासाठी त्यांना पुन्हा वाळवंटात पाठवण्यात आले.

या 51 विहिरींपैकी बऱ्याचशा विहिरी मूळ रहिवाशांच्या पाणवठ्यांवर किंवा त्यांना अगदी लागून खोदल्या गेल्या. हाताने वाळू उकरून ओंजळभर पाणी घ्यावे आणि जनावरांनी ते घाण करू नये म्हणून तोंड फांद्यांनी झाकून पुढे जावे, अशी जी जागा होती, तेथे लाकडाने बांधून काढलेली खोल विहीर, तारेचा दोर आणि भलीमोठी बादली आली. दुरुस्त केलेल्या एका विहिरीपाशी मी स्वतः बादली ओढून पाहिली आहे. ती आजच्या प्रवाशांच्या सोयीसाठी ठेवलेली लहान बादली होती, तरी ती भरून काठावर येईपर्यंत खांदे भरून आले. मूळची बादली गुरांसाठी होती. 1929 पासून या विहिरींच्या दुरुस्तीचे काम पाहणाऱ्या विल्यम स्नेल यांनी लिहून ठेवले आहे, की ती वर काढायला तीन धट्टेकट्टे गोरे पुरुष लागत. मूळ रहिवाशांना ती पेलत नसे, हातातून रहाटाचा दांडा सुटला की त्याच्या तडाख्याने हात मोडत, डोकी फुटत. आपल्याच पाण्याजवळ आपल्यालाच जाता येत नाही, म्हटल्यावर लोकांनी त्या विहिरी मोडल्या. जुन्या वर्णनांत याला ‘नासधूस’ म्हटले आहे आणि प्रवासलेखांत तो शब्द अजूनही तसाच उतरवून घेतला जातो, याचे मला अतिशय वाईट वाटते. स्नेल यांनी मात्र कारण ओळखले आणि विहिरी दुरुस्त करताना सर्वांना पाणी घेता येईल अशी सोय केली.

37 क्रमांकाच्या विहिरीजवळ 1911 साली मारल्या गेलेल्या गुराख्यांच्या कबरी आहेत आणि प्रत्येक गाडी तेथे थांबते. त्या हत्यांनंतर आलेल्या पोलीस पथकाने मूळ रहिवाशांपैकी अनेकांना गोळ्या घातल्या, त्यांची कोणतीही खूण मला तेथे आढळली नाही. एवढे सारे होऊनही त्या मार्गाचा गुरांसाठी उपयोग अगदी थोडा झाला: 1911 ते 1931 या वीस वर्षांत जेमतेम आठ कळप त्यावरून गेले आणि 1959 मध्ये शेवटचा कळप गेल्यावर वाहतूक कायमची थांबली.

तो प्रदेश निर्जन आहे, असेही आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात 2002 साली न्यायालयाने त्या वाळवंटाच्या फार मोठ्या भागावर तेथील मूळ रहिवासी असलेल्या मार्टू लोकांचा पारंपरिक हक्क मान्य केला आहे, आणि आज त्या मार्गाने जाण्यासाठी मूळ रहिवाशांच्या संस्थेमार्फत परवाना घ्यावा लागतो. वाटेत लागणाऱ्या विस्तीर्ण खाऱ्या सरोवराला 1897 मध्ये एका शोधकाने, गोडे पाणी न मिळाल्याच्या निराशेतून, इंग्रजी नाव दिले होते. 2020 मध्ये त्याचे कुम्पुपिंटिल हे मार्टू नाव अधिकृत झाले. मार्टू लोक स्वतः त्या सरोवराच्या पात्रात पाऊल ठेवत नाहीत. तरीही त्या कोरड्या पांढऱ्या पात्रावर उभ्या केलेल्या गाडीचे छायाचित्र मिळवण्याची इच्छा अनेकांना होते, आणि अशी छायाचित्रे कौतुकाने छापली गेली तर पुढचा प्रवासी तेच करणार.

माझी विनंती एवढीच आहे, की अशा मार्गांवरील लेख स्वीकारताना लेखकाला गाडीच्या तयारीबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: ती जमीन आज कोणाच्या हक्काची आहे, परवाना कोणाकडून घ्यायचा आणि कोणत्या जागी जायचे नाही. लेखाच्या शेवटी इंधन आणि सुट्या भागांची जी चौकट आपण देता, त्यातच ही माहिती सहज मावेल. 2010 मध्ये कॅनबेरातील राष्ट्रीय संग्रहालयाने मूळ रहिवासी चित्रकारांच्या चित्रांतून आणि त्यांच्याच तोंडून या मार्गाचा इतिहास मांडणारे प्रदर्शन भरवले होते. त्यावर पुरवणीत एखादा स्वतंत्र लेख आल्यास, पुढे त्या वाटेने जाणाऱ्या मराठी प्रवाशाला आपण कोणाच्या पाणवठ्यावर मुक्काम करत आहोत, हे निघण्यापूर्वीच कळेल.

आपला,
एक वाचक