आंबोलीला निघण्याआधी

वडोदरा, दांडिया बाजार

चि. सानू हिस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास. आई म्हणाली, लगेच परत लावू नका, तापलेली आहे. म्हणून लिहायला बसलो. झाडावर चढण्याचा विषय काढणार नाही, हे आधीच सांगतो.

तुला नवी वाटणाऱ्या त्या ऑर्किडचे नमुने आणायला वनखात्याचा परवाना आला हे फार चांगलं झालं. तू पाठवलेला फोटो आईने बोटांनी मोठा करकरून पाहिला, मग डब्यातला मोहरीचा दाणा आणून मोबाइलशेजारी ठेवला. म्हणे, एवढंसं फूल, त्याला ओठ काय, त्या ओठाला झालर काय! मला तर आधी ती एकात एक अडकलेली चपटी पानंच दिसली. अशा झाडाकडे कोण बघणार? दाबून वाळवलं की ओठाचा आकारच चेपून जातो, त्यामुळे संग्रहातल्या त्या जुन्या वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावरचं नाव कोणी तपासलं नाही, हे तू समजावलंस तेव्हा पटलं. ताजी फुलं स्पिरिटमध्येच ठेवायला हवीत, आणि ती येतात भर पावसात. तेव्हा जावं लागणारच. पण भर पावसात खोडावर शेवाळ असतं, सानू. मागच्या वर्षीचं प्लास्टर आठव.

बघ, काढलाच विषय.

तर, कामाचं बोलतो. घाई करू नकोस. लिंडले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ओबेरोनिया ही तुझ्या ऑर्किडची प्रजाती 1830 साली मांडली, त्यानंतर किती जणांनी किती नावं दिली असतील. एकाच झाडाला दोन नावं पडली तर नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकतं, आणि मोजणी थेट लिनियसच्या 1753 च्या ग्रंथापासून होते. लिंडलेचे नमुने लंडनला क्यूच्या वनस्पतिसंग्रहात आहेत, म्हणजे सगळे टाइप नमुने, ज्यांच्यावरून नावं दिली गेली ते, डोळ्यांखालून गेल्याशिवाय ‘नवी जाती’ म्हणायचं नाही. वर्णन 2012 पासून लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं, पण म्हणून ते ढिलं असलेलं चालत नाही. माझं निम्मं आयुष्य ऑडिटात गेलं, त्यामुळे... असो. हे सगळं तूच मला शिकवलेलं, आणि मी तुलाच ऐकवतोय. व्याख्यान झालं, राग मानू नकोस.

पादरा गावच्या मळ्यातला आंबा आठवतो? त्यावरची रास्ना, तीही ऑर्किडच, बघायला तू फ्रॉक खोचून वर चढलीस आणि मी खाली हात पसरून उभा. अण्णा ओट्यावरून ओरडत होते, पोरीला उतरव. तू म्हणालीस, बाबा, हिची मुळं हवेतच आहेत! उतरलीस तेव्हा दोन्ही गुडघे सोललेले, आणि रडायचं सोडून मला विचारत होतीस की ही आंब्याचा रस पिते का. मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन अण्णांच्या पुस्तकांत शोधलं आपण, मग कळलं की ती आंब्याचं काहीच खात नाही, फक्त बसायला जागा घेते. तेव्हा तू माझ्या हातांच्या टप्प्यात होतीस.

आत्या विचारत होती, नाव कोणाचं देणार? आईच्या मनात आजीचं आहे, बोलणार मात्र नाही ती. तुला योग्य वाटेल ते दे. मला एवढंच ठाऊक आहे की ते पक्कं झालं तर झाडाच्या नावामागे आपलं आडनाव लागेल. परवा बँकेत रांगेत उभ्या एका अनोळखी माणसाला मी हे सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण छान म्हणाला.

आईला ते झाड कुंडीत हवं आहे. तिला मी सांगितलं की बीला स्वतःची शिदोरीच नसते, बुरशी भेटली तरच रुजतं, आणि परवान्याबाहेर एक पानही आणता येत नाही. तरी एकदा तू सांग, माझं ऐकत नाही.

जळवांसाठी मीठ आणि तंबाखू बांधून ठेवली आहे. विन्या बुधवारी पुण्याला निघतोय, त्याच्याकडे देतो. रावपुऱ्यात दोराची चौकशी केली. दुकानदार विचारत होता, जाडी किती आणि माणसाचं वजन किती. तुझं वजन मी अंदाजाने सांगितलं. बरोबर ते कळव, आणि खाली दोर धरायला कोण असेल त्याचा फोन नंबरही. बुधवारच्या आत.

तुझा,
बाबा