काकू, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

काकू,

काकांच्या तेरवीच्या दिवशी घरात एवढी माणसं होती की तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही, आणि फोन लावला की मलाच रडू येतं, म्हणून इथेच लिहितेय, सगळ्यांसमोर.

मे महिन्यात तुम्ही नागपुरात महाल भागातल्या घरी बोलावलं तेव्हा खरं सांगू, मी घाबरले होते. इतकी वर्षं ॲक्युपंक्चर करतेय पण गुडघे, कंबर, मायग्रेन हेच पेशंट, पॅन्क्रियाजचा कॅन्सर आणि तोही शेवटच्या स्टेजचा, असा माणूस कधी हाताळला नव्हता. सुयांनी कॅन्सर जात नाही हे कोणत्या तोंडानं सांगू हाच विचार रस्ताभर. आणि तुम्ही कूलरमध्ये पाणी भरता भरताच म्हणालात, "बरं करायला नाही बोलावलं बाप्पा तुला, किमोनंतर दोन घास पोटात टिकून नाही राहिले यांच्या, तेवढं बघ." केवढं ओझं उतरलं माझं!

मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मधोमध दोन दोऱ्या लागतात हाताला, त्यांच्या मधे पीसी सिक्स हा मळमळीचा पॉइंट. काकांच्या हातावर तो शोधावाच लागला नाही, इतका हात वाळला होता. सुया वीस मिनिटं ठेवायच्या आणि तेवढा वेळ काका बोलायचे, इतिहासाचे सर ना! 1938 साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांमधले कोटणीस सगळ्यांना माहीत, पण आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते हे मला काकांनीच सांगितलं. त्यातलेच डॉ. बसू पुढे ही ॲक्युपंक्चरची विद्या शिकून भारतात घेऊन आले, तेवढंच मला माहीत होतं. उलटीची गोळी चालूच होती, मळमळ काही पूर्ण गेली नाही, पण एका दुपारी अर्धी वाटी आमरस पोटात राहिला तेव्हा तुम्ही ती रिकामी वाटी मला दाखवायला घेऊन आलात, ते मी विसरूच शकत नाही.

मग प्लेटलेट्स 18 हजारांवर आल्या. आता सुई लावायची नाही, रक्तस्राव होऊ शकतो, असं सांगून मी डबा बॅगेत भरत होते, म्हणजे निघतच होते, आणि तुम्ही स्टूल पुढे सरकवून म्हणालात, "हात तर आहे ना तुला, दाबून दे." अंगठ्यानं, अगदी हलकं, नख न लावता. दुसऱ्या हातावर तुम्ही माझं बघून बघून शिकलात आणि त्याच वेळी काकांना झोप लागली. मी तर माझं काम संपलं असंच समजले होते काकू, तुम्ही मला थांबवलंत. त्यासाठी मनापासून थँक यू.

रात्री अंधारात जागा सापडावी म्हणून तुम्ही बॉलपेननं ठिपका काढून ठेवायचात. शेवटच्या दिवशी मी आले तेव्हाही तो निळा ठिपका ताजा होता.

रविवारी सकाळी येतेय. उठताना तुम्ही उजवा गुडघा धरता ते मी तेव्हापासून बघतेय, नाही म्हणू नका.