ऊसतोड करणाऱ्या मावशींचे आभार

मावशी, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची लेक मोबाईलवर वाचून दाखवेल अशी आशा आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही शिकत असताना तुम्ही आम्हाला वॉर्डात भेटलात. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं तुमच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती.

आमच्यातल्या एकानं पुस्तकातला प्रश्न विचारला, "किती जिने चढल्यावर दम लागतो?" तुम्ही म्हणालात, "आमच्या घराला जिनाच नाही, लेकरा. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढलं की धाप भरते. मागल्या साली सगळी गाडी भरूस्तोवर काही होत नव्हतं. औंदा दुसऱ्याच मोळीला खाली बसले." दम किती लागतो आणि वर्षभरात आजार किती वाढला, दोन्ही त्यात आलं. आता मी शिकवतो. बीड, धारूर, वडवणीकडचा रुग्ण आला की माझे विद्यार्थी मोळीचं विचारतात, हंड्याचं विचारतात, खुरपणीचं विचारतात.

त्या झडपेचा आवाज फार मंद असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडायला लावून, स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, अगदी हलकी टेकवली तर सापडतो. आम्ही सात-आठ जण होतो आणि प्रत्येकासाठी तुम्ही कुशीवर वळलात, तेही धाप लागत असताना! एकाला तुम्ही दोनदा ऐकू दिलंत. का, तर "ह्या पोरानं पदराला हात लावायच्या आधी इचारलं." त्या दिवशी आमची खरी परीक्षा तुम्हीच घेतलीत.

2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद रीतसर शिकवतात. चांगलंच झालं. पण शिकवतो आम्हीच आणि गुणही आम्हीच देतो. विद्यार्थी नीट बोलला का, हे ज्याच्याशी बोलला त्यालाच विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे. माझ्या तुकडीपुरतं मी ते सुरू केलंय. तपासायच्या आधी रुग्णाची परवानगी घ्यायची, नको म्हणाला तर मुकाट्यानं पुढं जायचं, आणि तपासणी झाल्यावर आधी त्याचं ऐकायचं, मग माझं. एका आजोबांनी परवा सांगितलं, "पोरगी हुशार हाय, पण माझ्याकडं बघतच नव्हती, कागदाकडंच बघत होती." ती मुलगी दुसऱ्या दिवशी वही बाजूला ठेवून, स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.

असं शिकवायचं मला तुमच्यामुळं सुचलं. त्या दुखण्यात तुम्ही आम्हाला वेळ दिलात, त्याचे पैसे नाहीत की कुठं नोंद नाही. मनापासून आभार, मावशी.

एक मात्र ऐका. पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवू नका. दसऱ्यानंतर टोळीबरोबर निघताना कार्ड सोबत घ्या, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. हंगाम संपून पट्टा पडला की तपासणीला या.

तुमचा विद्यार्थी,
अंबाजोगाईला शिकलेला एक डॉक्टर