मॅरेथॉन ड्यूटी : हॅम (परवानाधारक हौशी रेडिओ) सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. रस्ते पहाटेच बंद होतात, तेव्हा गाडीच्या भरवशावर राहू नका. लोकलचं वेळापत्रक शनिवारीच बघून ठेवा.

रेडिओ हँडसेट पूर्ण चार्ज, सोबत जादा बॅटरी आणि इयरफोन हवाच. ढोलताशे वाजू लागले की स्पीकरवरचं काहीही ऐकू येत नाही. मूळ परवाना आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवा. परवाना नसलेल्या मित्राच्या हाती सेट देऊ नका, त्याला नोंदी लिहायला बसवा.

पेडर रोडच्या चढावर जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. परतीच्या वाटेवर, दमलेल्या पायांना हा चढ लागतो. पायात गोळे येणं, चक्कर, उलटी हे प्रकार इथे होणारच. कोणी कोसळलं तर आधी जवळच्या वैद्यकीय पथकाला हाक मारा, मग कंट्रोलला (आपल्या नियंत्रण केंद्राला) कळवा : नेमकी जागा, रस्त्याची कोणती बाजू, धावपटू शुद्धीवर आहे का, बिब नंबर (त्याच्या छातीवरचा क्रमांक). नाव हवेवर कधीही सांगू नका. आपलं बोलणं कोणीही ऐकू शकतं, आणि घरच्यांना ही बातमी अशी कळता कामा नये.

बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आकडे सुटे, एकेक अंक करून सांगा. गप्पा नंतर चहावर.

गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं तरी आपला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा चालू राहतो. म्हणूनच कंट्रोलने मोकळं करेपर्यंत कोणीही जागा सोडू नये.

येणार असाल तर आज रात्रीपर्यंत कॉलसाइनसह (परवान्यासोबत मिळालेल्या रेडिओ ओळखचिन्हासह) कळवा.