काकूंची बोटं आणि माझं प्रथिन

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दत्ता,

अंबाजोगाईहून परतताना एसटीत तुझाच प्रश्न डोक्यात घोळत होता. काकूंची सुजलेली बोटं दाखवून तू म्हणालास, "सूज आणणारं प्रथिन सापडलंय ना तुम्हाला? मग पाडा की बंद!" मी चहाचं निमित्त करून विषय टाळला. सरळ उत्तरच नव्हतं, लेका.

त्या प्रथिनाचं नाव पी-३८. वजन ३८ किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं माप), म्हणून हे असं रुक्ष नाव. १९९४ साली ते तीन-चार प्रयोगशाळांच्या हाती जवळपास एकदमच लागलं. पेशीवर जंतू, अतिनील किरणं, खारटपणा असलं काही संकट आलं की त्याच्यावर फॉस्फेटचे दोन छोटे रासायनिक गट चढतात आणि गडी कामाला लागतो. यीस्टमध्ये त्याचा भाऊबंद आहे, हॉग-१. बाहेर मीठ वाढून पेशीतलं पाणी ओढलं जायला लागलं की तो ग्लिसरॉल बनवायला लावतो, पेशी सुकत नाही. आपल्याकडच्या माणसाला हे समजवावं लागू नये. उन्हाळ्यातला टँकरच तो!

आपल्या शरीरात मात्र हेच पी-३८ टीएनएफ या सूज पेटवणाऱ्या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवायचा निरोप, लवकर नष्ट होऊ देत नाही, म्हणून सूज धुमसत राहते. मग कंपन्यांनी त्याला रोखणाऱ्या गोळ्या काढल्या. आमवाताच्या रुग्णांचं सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) काही आठवडे उतरलं नि परत चढलं. पामापिमॉड नावाची गोळी तर मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या आपल्या जुन्या औषधापुढे फिकी पडली. काहींनी यकृताला त्रास दिला. गोम अशी, की पी-३८ स्वतःलाच हुकूम देणाऱ्या, साखळीत वर बसलेल्या टॅक-१ या प्रथिनाला लगाम घालतं. तो लगाम सुटला, की टॅक-१ दुसऱ्या वाटेनं सूज पेटती ठेवू शकतं.

कॅन्सरचं त्याहून विचित्र. उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून पी-३८ काढून टाकलं आणि मग आतड्याला सूज आणली, तर गाठी वाढल्या. पण गाठी झाल्यावर त्याला रोखलं, तर त्या घटल्या! २०१४चा हा पेपर वाचून मी दोन दिवस घरात चिडचिड केली. आधी राखणदार, मग गाठीलाच पोसणारा. म्हणून 'बंद पाडा' म्हणणाऱ्याला मी आता आधी विचारतो: कुठल्या पेशीत, आणि कधी?

काकूंना एक बजावून सांग. त्यांची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांनी ठरवलेल्या वारी. दुखलं म्हणून रोज घ्यायची नाही, ते जिवावर बेततं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो वार लाल पेनानं गोल करून ठेव.

आणि लोणच्याची बरणी विसरलो तुझ्याकडे. येताना आण.

तुझा,
सुधाकर