रुग्णसाहित्य केंद्रासाठी आवाहन : पेशंट लिफ्ट, स्लिंग आणि जिन्याच्या खुर्च्या

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको. त्या दोन खोल्यांतून फाउलर कॉट (डोक्याची-पायांची बाजू वर-खाली होणारी), व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर, एअर बेड यांतलं काहीच कधी नेलं नाही असं घर गावभाग-खणभागात शोधावं लागेल. हे सगळं देणाऱ्यांच्या जोरावर उभं आहे आणि ते पुन्हा लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मार्केट यार्डातल्या ज्या हळद व्यापाऱ्यांनी पहिल्या कॉट घेऊन दिल्या, त्यांनी पावतीवर ‘एक हितचिंतक’ एवढंच लिहायला लावलं, वर घरोघरी पोचवायला टेम्पोही दिला. कुपवाड एमआयडीसीतले आपले वेल्डिंगवाले अण्णा खुर्च्यांची मोडकी चाकं बदलून देतात आणि बिलाचा विषय काढला की चहा मागवतात. हरिपूरच्या भजनी मंडळातल्या काकूंनी पेशंटला कुशीवर ठेवताना पाठीला लावायच्या उशा शिवल्या. त्यांतला कापूस अजून बसलेला नाही. विश्रामबागच्या एका कुटुंबानं आई गेल्यावर तिची कॉट धुऊनपुसून केंद्रात आणून दिली, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांचं पाकीट न चुकता येतं. मिरजेच्या दोन निवृत्त सिस्टर शिकवायला येतात त्या रिक्षाचं भाडंसुद्धा घेत नाहीत. या सगळ्यांचे उपकार फेडण्यापलीकडचे आहेत.

गेल्या वेळच्या आवाहनाला काय प्रतिसाद आला, ते लिहीत नाही. वाढदिवसाच्या फलकांना चौक अपुरे पडतात, तेव्हा गावात पैसा नाही असं तरी म्हणता येत नाही. असो.

मुद्दा असा. आपण घरोघरी कॉट देतो, व्हीलचेअर देतो. पण कॉटवरचा पेशंट व्हीलचेअरवर जायचा कसा, यासाठी केंद्रात एकही वस्तू नाही. मधलं अंतर फार तर दोन फुटांचं. घरच्यांची कंबर जाते ती तिथं, पेशंटचा खांदा दुखावतो तो तिथं, आणि बरा होत आलेला माणूस पडतो तोही तिथंच. मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून लांबून लांबून माणसं उपचाराला मिरजेला येतात, आपल्या तर ते दारातच आहे. ऑपरेशन उत्तम होतं, डिस्चार्ज मिळतो, आणि घरी ७० किलोच्या आजोबांना उचलायला उरतात साठी ओलांडलेल्या आजी आणि दुपारपुरती येणारी मावशी.

कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायॉश’ संस्थेच्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये पेशंट हातांनी उचलण्याची जी मर्यादा सुचवली ती ३५ पौंडांची, म्हणजे साधारण १६ किलोची, आणि तीही सगळं सोयीचं असेल तेव्हा. ७० किलोच्या माणसाचा नुसता एक पाय ११ किलोच्या आसपास भरतो. मार्केट यार्डातला हमाल ५० किलोचं पोतं उचलतो, हे खरं. पण पोतं पाठीला घट्ट चिकटतं आणि मधेच घाबरून दाराची चौकट धरत नाही.

सगळ्यात घातक पद्धत सगळ्यात जास्त घरांत दिसते : दोघांनी दोन बाजूंनी बगलेत हात घालायचा आणि ‘एक, दोन, तीन’ करून ओढायचं. अर्धांगवायूत लुळ्या बाजूचे स्नायू खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवू शकत नाहीत. तिथून ओढलं की सांधा सरकतो, मग तो खांदा महिनोन् महिने ठणकतो आणि फिजिओला हाताचा व्यायामच घेता येत नाही. शिवाय पेशंट फरफटला की कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पुढं जातं. माकडहाडावरची जखम अशीही सुरू होते, दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या घरातसुद्धा. यावर उपाय स्लाइड शीटचा. गुळगुळीत नायलॉनच्या दोन चादरी एकावर एक पेशंटखाली घालायच्या, की वरची खालचीवर सरकते आणि पेशंटला उशीकडे न्यायला उचलावंच लागत नाही. काम झाल्यावर त्या काढायच्याच. विसरल्या तर पेशंट रात्री कॉटवरून घसरतो.

एका पायावर तरी भार घेता येणाऱ्या पेशंटला लिफ्ट लागत नाही, ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे कमरेला बांधून धरायचा पट्टा, पुरतो. व्हीलचेअर धडधाकट बाजूला, कॉटला थोडी तिरपी लावायची, खुर्चीचा कॉटकडचा हात (आर्मरेस्ट) काढायचा, फूटरेस्ट बाजूला, दोन्ही ब्रेक लावलेले. (हात न निघणारी व्हीलचेअर या कामाला जवळजवळ निरुपयोगी, आणि आपल्याकडच्या बहुतेक तशाच आहेत.) युरीन बॅग आधी रिकामी करायची, नळी कुठं अडकत नाही ना ते बघायचं, आणि बॅग कमरेच्या वर न्यायची नाही. पेशंटला पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवायचं, कारण आडव्याचं उभं करताना बीपी उतरतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. बेल्ट कपड्यांवरून कमरेला, आत दोन बोटं जातील इतकाच सैल. पावलं मागं, अंग पुढं झुकवायचं, आपल्या गुडघ्यानं त्याच्या कमजोर गुडघ्याला टेकू द्यायचा. गळ्यात हात घालू द्यायचा नाही. घसरताना पेशंट तिथंच लोंबकळतो आणि दोघंही खाली येतात. बेल्ट वर खेचायला नसतो, तोल सावरायला असतो. पोटाचं ताजं ऑपरेशन, बरगडी मोडलेली किंवा पोटातून नळी असेल तर तो बांधायचाच नाही.

भार मुळीच घेता येत नसेल तर पेशंट लिफ्टला पर्याय नाही. पेशंटला स्लिंगमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या कापडी झोळीत, टांगून उचलणारी ही चाकांची लिफ्ट; हायड्रॉलिक जॅकवर चालणारी, हातानं पंप करायची, विजेची गरज नसलेली. तिचे पाय कॉटखाली शिरायला जमिनीपासून पाच-सहा इंच मोकळी जागा लागते, आणि आपल्या घरांतल्या पेटीच्या दिवाणाखाली ती नसतेच. म्हणून लिफ्ट नेणाऱ्याला गरजेप्रमाणे लोखंडी कॉटही द्यावी लागेल. दुसरी अडचण उंबऱ्याची. पेशंट टांगलेला असताना लहान चाक उंबऱ्याला अडलं की लिफ्ट कलंडते. ती एकाच खोलीत, कॉट ते खुर्ची एवढीच वापरायची. पाय रुंद पसरलेले, उचलताना लिफ्टचे ब्रेक मोकळे, म्हणजे ती स्वतःच भाराखाली जागा धरते. ब्रेक लागतात ते व्हीलचेअरचे. स्लिंगचे फास दोन्ही बाजूंना एकाच रंगाचे अडकवायचे, गादीपासून दोन इंच उचलून थांबायचं, सगळे फास ताणलेत का बघायचं आणि मगच पुढं. उतरवताना व्हॉल्व्ह हळू सोडायचा. दांडा आपोआप खाली यायला लागला तर जॅकचं सील गेलं असं समजून लिफ्ट लगेच बाजूला ठेवायची.

स्लिंग इथंच शिवून देऊ, असं दोन-तीन सभासदांनी आपुलकीनं सुचवलं. त्यांनी राग मानू नये. स्लिंगचा सगळा भार पट्ट्यांच्या शिवणीवर येतो, म्हणून वजनाचं लेबल असलेली कारखान्याचीच घ्यायची. लेबल पुसलं किंवा शिवण उसवली की ती बाद.

वाड्यांच्या जिन्याचं दुखणं वेगळं. वळणावर स्ट्रेचर फिरत नाही, मग प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणतात आणि ऐन जिन्यात तिचा पाय चिरतो. जिन्याच्या खुर्चीला पट्टे आणि चार पक्क्या मुठी असतात. पेशंट पायांच्या बाजूनं खाली, दणकट माणूस खालच्या बाजूला, वरच्यानं हुकूम द्यायचा, आणि तिसऱ्यानं खालच्याच्या पाठीला हात लावून पायऱ्या सांगायच्या. या खुर्च्या पावसाळ्याआधी हव्यातच. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ची. २००५ आणि २०२१ही कुणी विसरलेलं नाही. ओल्या चादरीची झोळी हातातून निसटते. पाणी ४० फुटांना लागलं की अंथरुणावरचा माणूस हलवायला घ्यावा; अंगणात पाणी आल्यावर ते काम चौपट अवघड होतं.

जाता जाता एक. पडलेल्या पेशंटला लगेच उचलू नका. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलं असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता असते. आहे तिथंच उबदार ठेवा आणि १०८ लावा. लांबीनं दोन भाग होऊन दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवता येणारं स्कूप स्ट्रेचर यासाठीच हवं आहे.

लागणारं साहित्य : पेशंट लिफ्ट २, स्लिंग ६ (त्यांत कमोडची १), स्लाइड शीट १० जोड, ट्रान्सफर बेल्ट १५, काढत्या हाताच्या व्हीलचेअर ४, जिन्याच्या खुर्च्या २, स्कूप स्ट्रेचर १. कोटेशनप्रमाणे एकूण २ लाख ६० हजारांच्या घरात. एक लिफ्ट ४५ हजार, स्लिंग ५ हजार, बेल्ट ७००. कुणी एकच बेल्ट दिला तरी पावती तितक्याच आदरानं फाडली जाईल. चेक मंडळाच्या नावे, क्रॉस करून. देणगीवरच्या आयकर सवलतीसाठी पॅन द्यावा. २ हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही. कार्यालय सायं. ५ ते ७, रविवारी बंद. जिन्याच्या कामाला २० तरुण कार्यकर्ते हवेत, प्रशिक्षण दुसऱ्या शनिवारी, सिस्टर शिकवतील. मागच्या वर्गाला शिकणाऱ्यांपेक्षा मांडलेल्या खुर्च्या जास्त होत्या, हे सिस्टर बोलल्या नाहीत, पण त्यांनी मोजलं असणार.

आपला,
सचिव
(कार्यकारी मंडळाच्या वतीनं)

ता. क. : परत करायची मुदत उलटलेल्या व्हीलचेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या फूटरेस्टसह आणून द्याव्यात. फूटरेस्ट माळ्यावर असतात. डिपॉझिट त्याच दिवशी परत मिळेल.