आधी तोल, मग रंग

संपादक महोदय,
नमस्कार.

आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटने उडवायच्या छोट्या विमानांबद्दल पेपरात कधी काही छापून आलं की सोबतचा फोटो बहुतेक वेळा लढाऊ विमानाचाच असतो, दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर नाहीतर मस्टँग, आणि खाली रंगकामाचं कौतुक. कौतुक व्हायलाच हवं, त्या कामात महिने जातात. पण ते विमान हवेत सरळ का उडतं, उतरताना एक पंख टाकून का पडत नाही, याबद्दल कोणी लिहीत नाही, मग फोटो बघून माणूस थेट वॉरबर्डच घेतो (या छंदातले लोक अशा विमानांना वॉरबर्ड म्हणतात), मन लावून सजवतो आणि पहिल्याच फ्लाइटला गमावतो. माझं एक असंच गेलं. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, पण छापलंत तर कुणाचं तरी विमान वाचेल.

माझं स्पिटफायर फोमचं होतं, पंखांचा पसारा 1.2 मीटर आणि बॅटरीसकट वजन साधारण 1400 ग्रॅम. बॉक्समधून काढल्यावर मी सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, मॅन्युअलप्रमाणे नीट जुळवला होता. त्यानंतर कस्टमायझेशन सुरू केलं. शेपटीचं चाक बदलून धातूचं, रडरबरोबर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं उभं पान) वळणारं बसवलं, फोमचे दाणे दिसू नयेत म्हणून शेपटीवर पुट्टी लावून घासली, मग प्रायमर, मग रंगाचे हात, मग मॅट व्हार्निश. सगळं मिळून शेपटीत जेमतेम 30 ग्रॅम वाढले. हातात घेतल्यावर काहीच फरक जाणवला नाही आणि सीजी परत तपासायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण तो तर मी आधीच जुळवला होता ना! पण ते 30 ग्रॅम सीजीपासून 60 सेंटिमीटर मागे होते, आणि 1400 ग्रॅमच्या विमानात त्याने सीजी जवळपास 13 मिलिमीटर मागे सरकतो. पंखाची सरासरी रुंदी 20 सेंटिमीटर धरली तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 28 टक्क्यांवर असलेला सीजी 34 टक्क्यांच्या पुढे गेला. चाकं जमिनीवरून सुटल्या सुटल्या नाक वर गेलं, मी एलेव्हेटर (शेपटीवरचं, नाक वर-खाली करणारं आडवं पान) रिमोटवर पुढे दाबला तर विमान एकदम खाली वाकलं, परत ओढला तर उभंच राहिलं, आणि मग डावा पंख टाकून उलटं जमिनीवर आलं. सगळा मिळून काही सेकंदांचा खेळ. त्या विमानावर माझा फार जीव होता.

नेमका हाच त्रास खऱ्या मस्टँगलाही होता. लांब पल्ल्यासाठी पायलटच्या सीटमागे 85 गॅलनची जास्तीची टाकी बसवली, ती भरलेली असली की सीजी मागे जायचा आणि विमान अस्थिर व्हायचं, म्हणून पायलट ड्रॉप टँकच्या, म्हणजे हवेत सोडून देता येणाऱ्या बाहेरच्या टाक्यांच्या, आधी त्या टाकीतलं पेट्रोल बरंचसं जाळून घ्यायचे. त्यांना निदान हवेत पेट्रोल जाळून सीजी पुढे आणता यायचा, आपल्या मॉडेलच्या शेपटीतली पुट्टी कुठे जाळणार?

म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की रंगाच्या डब्याशेजारी ग्रॅमचा वजनकाटा ठेवा. शेपटीत टाकलेला एक ग्रॅम नाकात साधारण तीन ग्रॅम मागतो, कारण नाकाचं अंतर कमी असतं. म्हणजे माझ्या 30 ग्रॅमसाठी नाकात 90 ग्रॅम शिसं लागलं असतं, एकूण 120 ग्रॅमची भर, आणि जड विमान उतरतानाही जास्त वेगात उतरतं. शेपटीवर पुट्टी लावूच नका, पातळ पाण्याचा अॅक्रिलिक रंग वापरा, धातूचं चाक नको, कार्बनच्या सळईवर हलकं चाक बसवा. बॅटरी जितकी पुढे सरकेल तितकी सरकवा, शिसं त्यानंतर. आणि सीजी सगळ्यात शेवटी, रंग वाळल्यावर, कॉकपिटमधला पायलट बसवल्यावर, बॅटरी आत ठेवून तपासा. स्पिटफायरसारखं पंख खाली असलेलं विमान उलटं धरून तोलायचं, सरळ धरलं तर ते बोटांवर डुलतं आणि आकडा चुकतो. पहिल्या फ्लाइटला नाक किंचित खाली झुकलेलं चालेल, शेपूट झुकलेली अजिबात नाही. चाकं मागे वळून आत जाणारी विमानं, म्हणजे कॉर्सेअर किंवा पी-40, यांचा सीजी चाकं आत घेतल्यावर मागे जातो, त्यामुळे तो चाकं आत असताना तपासायचा. स्पिटफायरची चाकं बाहेरच्या बाजूला जातात, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

दुसरी गोष्ट पंखांची, आणि ही मला फार सुंदर वाटते. खऱ्या स्पिटफायरच्या पंखाला पीळ दिलेला होता, मुळाशी अधिक 2 अंश आणि टोकाला उणे अर्धा अंश. त्यामुळे वेग कमी झाला की पंखाचा मुळाकडचा (धडाजवळचा) भाग आधी स्टॉल व्हायचा, म्हणजे त्याची उचल जायची, विमान थरथरायला लागायचं आणि पायलटला इशारा मिळायचा, तोपर्यंत एलेरॉन (पंखांच्या टोकांकडची, विमान कलवणारी पानं) काम करत असायचे. इशाऱ्याशिवाय टोक आधी स्टॉल झालं तर विमान क्षणात आडवं होतं, लँडिंगच्या वळणात बहुतेक वॉरबर्ड मॉडेलं अशीच जातात. आपल्या मॉडेलमध्ये हा पीळ दोन्ही बाजूंना सारखा आहे का हे टेबलावर ठेवून, मागून डोळा लावून बघा. फोमचा पंख गाडीत उन्हात राहिला तर वाकतो, आणि एका पंखात पीळ जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल तर रेडिओतला (हातातल्या रिमोटमधला) कितीही ट्रिम, म्हणजे बारीक दुरुस्ती, ते झाकू शकत नाही.

ट्रिमवरून आठवलं, रेडिओला हात लावायच्या आधी सर्वो, म्हणजे ही पानं हलवणाऱ्या छोट्या मोटरी, नीट बसवा. स्टिक मध्यावर असताना सर्वोचा आर्म पुशरॉडला (पान ढकलणारी सळई) काटकोनात हवा, नसेल तर आर्म काढून दुसऱ्या दातावर बसवायचा, उरलेला थोडासा फरक रेडिओतल्या सबट्रिमने. रेडिओत टक्के कमी करून हालचाल आटोक्यात आणण्यापेक्षा पुशरॉड सर्वो आर्मच्या आतल्या भोकात आणि हॉर्नच्या (पानावरचा खुंट) बाहेरच्या भोकात लावा, म्हणजे सर्वोची पूर्ण ताकद मिळते आणि ढिलेपणाही कमी होतो. एलेव्हेटर बोटाने हलवून बघा, त्याच्यात खेळ असेल तर वेगात तो फडफडतो आणि मग सगळंच संपतं. एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जावेत, नाहीतर वळताना नाक उलट दिशेला ओढलं जातं. एक्स्पो, म्हणजे मध्याजवळ स्टिक मऊ करणारी सेटिंग, सुरुवातीला 25 टक्के वगैरे ठेवा, पण चिन्ह बघा, स्पेक्ट्रम कंपनीच्या रेडिओमध्ये अधिक आकड्याने स्टिक मऊ होते आणि फुटाबामध्ये उण्याने, उलटं टाकलं तर विमान मध्यावरच भयानक तिखट होतं. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं यंत्र) लावला असेल तर डावा पंख हाताने खाली झुकवा, डावा एलेरॉन खाली गेला पाहिजे. वर गेला तर उडवू नका! फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल (मोटरचा वेग) बंद, आणि रेंज चेक, म्हणजे सिग्नल किती लांब पोहोचतो ते बघणं, मोटर चालू ठेवूनसुद्धा करा.

प्रॉपेलर बदलायची हौस सगळ्यांनाच असते, मलाही आहे. पहिली स्पिटफायर दोन पात्यांच्या लाकडी प्रॉपेलरची होती, मार्क (आवृत्ती) 9 ला चार पाती, ग्रिफन इंजिनच्या मार्क 14 ला पाच, त्यामुळे पाती मोजून जाणकार मार्क ओळखतो. पण त्याच व्यासाची आणि पिचची (पात्याचा तिरकेपणा) पाती वाढवली की मोटर जास्त अँपिअर ओढते, म्हणून व्यास किंवा पिच थोडा कमी करून वॉटमीटर लावून मोजा. किलोला 220 वॉटच्या आसपास मिळाले तरी व्यवस्थित उडतं, आणि ईएससीची (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) मर्यादा त्याहून बरीच वर असू द्या. बॅटरीचं एवढंच सांगतो की चार सेलची पूर्ण भरली की 16.8 व्होल्ट दाखवते, आणि ठेवून द्यायची असेल तर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवा.

रंगाला माझा विरोध नाही, उलट इतिहास माहीत असला की रंगाला अर्थ येतो. जून 1944 च्या नॉर्मंडी उतरणीआधी विमानांवर पाच काळे-पांढरे पट्टे ब्रशने घाईघाईत मारले होते, त्यामुळे मॉडेलवर टेप लावून काढलेले अगदी सरळ पट्टे मला खोटे वाटतात. बर्मा आघाडीवर तर ब्रिटिश विमानांवरच्या गोल खुणेतला लाल ठिपकाच काढून टाकला होता, जपानी विमानांवर लाल गोल असायचा आणि घाईत ओळखताना चूक व्हायची. एक्झॉस्टचा काळपट डाग पेस्टल खडूच्या भुकटीने काढा, पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) पेन्सिलने, या दोन्हींचं वजन जवळपास शून्य असतं.

आणि पहिलं टेकऑफ. थ्रॉटल एकदम पूर्ण दिला की शेपटीवर बसलेलं विमान डावीकडे ओढतं, म्हणून थ्रॉटल हळूहळू वाढवत उजवा रडर देत जायचं, शेपूट वर आल्यावर वेग चांगला होऊ द्यायचा, मगच एलेव्हेटर. उतरताना थ्रॉटल शेवटपर्यंत थोडा चालू ठेवा. फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली उघडणारी पानं) उघडल्यावर नाक वर जात असेल तर एलेव्हेटरचं मिक्सिंग, म्हणजे फ्लॅपबरोबर तो आपोआप हलवणारी सेटिंग, आधी उंचावर जाऊन जमवा, लँडिंगला नाही.

ज्याने अजून उंच पंखाचं साधं ट्रेनर विमान स्वतः उतरवलेलं नाही त्याने वॉरबर्ड घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. संपादक महोदय, एक विनंती आहे, पुढच्या वेळी अशा विमानाचा फोटो छापाल तेव्हा त्या मालकाला सीजी किती टक्क्यांवर आहे आणि रंगानंतर वजन किती वाढलं एवढं विचारून दोन ओळी खाली छापा. माझं दुसरं स्पिटफायर सध्या टेबलावर आहे, शेपटीत आत्तापर्यंत 7 ग्रॅम वाढलेत, ते बॅटरी पुढे सरकवूनच भागलंय, नाकात शिसं टाकावं लागलेलं नाही.

आपला,
एक वाचक